ऑटो कलरचे बटण दाबण्यापूर्वी: फोटो संपादन नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फोटो संपादनाच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये 'ऑटो' नावाचे एक बटण असते आणि नव्याने शिकणाऱ्याचा हात सर्वांत आधी त्याच्याकडेच जातो. त्यात गैर काहीच नाही, कारण योग्य फोटोवर हे बटण क्षणात जे काम करते ते हाताने करायला बराच वेळ लागतो. अडचण अशी, की हे बटण प्रत्येक फोटोबद्दल काही गोष्टी गृहीत धरून चालते, आणि ती गृहीतके जिथे लागू पडत नाहीत तिथे बरोबर असलेला रंगही बिघडवते. मराठवाड्यात फोटो काढणाऱ्याला याचा अनुभव लवकर येतो, कारण आपल्याकडची कितीतरी दृश्ये एकाच रंगाने भरलेली असतात. वसमतच्या मोंढ्यातील हळदीचे ढीग, श्रावणातले सोयाबीनचे हिरवेगार शिवार, वेरूळचा काळपट बेसाल्ट, अजिंठ्याच्या भिंतींवरील गेरू, ही सगळी त्या बटणाची अवघड परीक्षा घेणारी दृश्ये आहेत. ते बटण नेमके काय करते हे समजून घेऊन त्याचा उपयोग कोणत्या क्रमाने करावा, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे फोटोशॉप, लाइटरूम, गिंप आणि मोबाइलवरील स्नॅपसीड यांतली घेतली आहेत. गिंप आणि स्नॅपसीड मोफत मिळतात, त्यामुळे शिकायला पैसे मोजावे लागत नाहीत.

पहिली पायरी: मूळ फाईल बाजूला ठेवावी

मूळ फोटोची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करावे. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये रॉ फाईल काढण्याची सोय असेल, तर महत्त्वाच्या कामासाठी ती वापरावी; रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती. जेपेग फाईलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक चॅनलला, म्हणजे त्या रंगाच्या नोंदीला, ० ते २५५ अशा २५६ पायऱ्याच मिळतात आणि कॅमेऱ्याने स्वतः ठरवलेला व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगानुसार केलेली रंगांची जुळवणी, त्यात कायमचा मिसळलेला असतो. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये त्याच प्रत्येक चॅनलला १६,३८४ पायऱ्या असतात आणि व्हाइट बॅलन्स नंतर ठरवता येतो. हा फरक पुढच्या हिशेबात महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरी पायरी: कोणते ऑटो काय करते हे ओळखावे

फोटोशॉपच्या 'इमेज' मेनूमध्ये तीन आज्ञा एकाखाली एक दिसतात आणि नवशिक्याला त्या सारख्याच वाटतात. 'ऑटो टोन' लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे घेते, प्रत्येकातला सर्वांत गडद भाग शून्यावर आणि सर्वांत उजळ भाग २५५ वर नेऊन मधले सगळे त्या प्रमाणात ताणते. एखाद्-दुसऱ्या चमकत्या ठिपक्यामुळे हिशेब चुकू नये म्हणून दोन्ही टोकांचे ०.१ टक्का पिक्सेल ते सोडून देते. चॅनल वेगवेगळे ताणले गेल्यामुळे फोटोतील रंगाची झाक बदलते, कधी जाते, तर कधी नसलेली झाक नव्याने येते. 'ऑटो कॉन्ट्रास्ट' तिन्ही चॅनल एकत्रच ताणते, म्हणून झाक जशीच्या तशी राहते आणि फक्त उजेड-अंधारातील अंतर वाढते. 'ऑटो कलर' फोटोतील गडद आणि उजळ रंग शोधते आणि मधल्या छटांना १२८ च्या राखाडीकडे, म्हणजे बिनरंगी अवस्थेकडे ओढते.

गिंपमध्ये 'कलर्स' मेनूतील 'ऑटो' या यादीत असेच पर्याय आहेत. तिथल्या 'व्हाइट बॅलन्स' या नावाने फसू नये. ते प्रकाशाचा रंग मोजत नाही, तर तिन्ही चॅनलच्या टोकांवरचे जेमतेम ०.०५ टक्का पिक्सेल सोडून उरलेला पल्ला ताणते, म्हणजे त्याचे काम ऑटो टोनच्या जवळचे आहे. 'स्ट्रेच कॉन्ट्रास्ट'मध्ये 'कीप कलर्स' ही खूण असेल तर तिन्ही चॅनल सारखेच ताणले जातात, ती काढली तर वेगवेगळे. 'इक्वलाइझ' मात्र रंगदुरुस्तीसाठी वापरू नये. ते सर्व छटांची संख्या सारखी वाटून देण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे साध्या फोटोवर त्याचा परिणाम भडक आणि दाणेदार येतो.

लाइटरूमच्या 'ऑटो'ची रीत निराळी आहे. डिसेंबर २०१७ पासून ते मशीन लर्निंगवर चालते, म्हणजे संपादित फोटोंच्या मोठ्या संग्रहावरून शिकून एक्स्पोजर, हायलाइट्स, शॅडोज, व्हायब्रन्स अशा स्लायडरची मूल्ये सुचवते. ते व्हाइट बॅलन्सला हात लावत नाही, त्यासाठी वेगळा 'ऑटो' पर्याय निवडावा लागतो. स्नॅपसीडमध्येही हीच विभागणी आहे. 'ट्यून इमेज'मधील जादूच्या कांडीचे चिन्ह मुख्यतः उजेड आणि कॉन्ट्रास्ट पाहते, तर 'व्हाइट बॅलन्स'मधील 'एडब्ल्यू' रंगाची झाक काढते.

तिसरी पायरी: गृहीतक समजून घ्यावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारा रंग दोन गोष्टींच्या गुणाकारातून तयार होतो: वस्तूवर पडलेल्या प्रकाशाचा रंग आणि वस्तूचा स्वतःचा रंग. फाईलमध्ये फक्त तो गुणाकार नोंदला जातो. पिवळसर दिसणारा पिक्सेल पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या पिवळ्या बल्बच्या उजेडाचा आहे की दिवसाच्या उजेडातल्या पिवळ्या भिंतीचा, हे त्या एका आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. आपले डोळे आणि मेंदू भोवतालच्या ओळखीच्या वस्तूंवरून हा भेद करतात. साध्या ऑटो साधनाला वस्तू ओळखता येत नाहीत, म्हणून ते एखादे गृहीतक धरते.

यातले एक गृहीतक असे, की कोणत्याही सर्वसाधारण दृश्यातील सर्व रंगांची सरासरी राखाडी येते, म्हणून सरासरीत जो रंग जास्त निघेल तो प्रकाशाचा दोष समजून कमी करावा. हा विचार १९८० मध्ये गेरशॉन बुक्सबाउम यांनी मांडला आणि तो 'ग्रे वर्ल्ड' या नावाने ओळखला जातो. दुसरे गृहीतक असे, की दृश्यात कुठेतरी शुद्ध पांढरे असतेच, म्हणून प्रत्येक चॅनलमधील सर्वांत उजळ मूल्य म्हणजे पांढरे समजावे. याचे मूळ एडविन लँड यांच्या रंगदृष्टीविषयीच्या रेटिनेक्स या कल्पनेत आहे. चॅनल ताणणारी साधने या दुसऱ्या विचाराला जवळची आहेत आणि मधल्या छटा राखाडीकडे ओढणारी पहिल्याला.

आता वसमतच्या मोंढ्यात काढलेला एक फोटो डोळ्यांसमोर आणावा. पूर्ण चौकटीत हळकुंडांचा ढीग आहे, वर थोडी धूळ, खाली थोडी सावली, आणि पांढरे असे काहीच नाही. समजा, या फोटोत लाल चॅनल ४० ते २४०, हिरवा २५ ते २०५ आणि निळा फक्त ५ ते ९० या पल्ल्यात आहे. हळद निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून निळ्याचा पल्ला इतका तोकडा असणे हेच तिच्या पिवळेपणाचे कारण आहे. ऑटो टोनला ते कळत नाही. ते निळ्याचा पल्लाही ० ते २५५ पर्यंत ताणते, म्हणजे निळ्यातील प्रत्येक फरक तिप्पट करते. ढिगातील एक पिक्सेल लाल २१०, हिरवा १७०, निळा ६० असा असेल, तर ताणल्यानंतर तो साधारण लाल २१७, हिरवा २०५, निळा १६५ असा होतो. पहिला रंग हळदीचा आहे, दुसरा फिकट सायीचा. पडद्यावर कॉन्ट्रास्ट वाढलेला दिसतो, फोटो 'स्वच्छ' झाल्यासारखा वाटतो आणि माल मात्र हळदीसारखा दिसेनासा होतो.

याच हिशेबात आणखी एक नुकसान दडलेले आहे. जेपेगमध्ये निळ्या चॅनलच्या ज्या ८६ पायऱ्या होत्या, त्याच आता २५६ जागांवर पसरल्या, म्हणून दर तीन जागांपैकी जवळजवळ दोन रिकाम्या राहिल्या. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, उघडून पाहिला तर निळ्याचा आलेख कंगव्याच्या दातांसारखा तुटक दिसतो. निळ्या चॅनलमध्ये जो बारीक नॉइज, म्हणजे नको असलेले दाणे, होता तोही तिप्पट होतो आणि सावल्यांमध्ये निळे-पिवळे ठिपके दिसू लागतात.

सोयाबीनच्या शिवाराचे उदाहरण याच नियमाने समजते. सरासरी हिरवी निघाल्यामुळे साधन हिरव्याला दाबते आणि पिकावर जांभळट झाक येते, जणू पीक पाण्यावाचून सुकायला लागले आहे. लग्नातील हळदीच्या कार्यक्रमाचे फोटोही असेच बिघडतात, कारण अंगाला लागलेली हळद, पिवळी साडी आणि झेंडूच्या माळा यांना साधन प्रकाशाचा दोष समजते. वेरूळच्या कैलास मंदिराच्या सावलीतील बेसाल्टमध्ये उजळ असे काही नसेल, तर ऑटो टोन तो राखाडी-तपकिरी दगड निळसर करून सोडते आणि त्याचे वजनच हरवते.

चौथी पायरी: बटणाआधी फोटोकडे पाहावे

बटण दाबण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. फोटोत खरोखर पांढरी आणि खरोखर काळी म्हणता येईल अशी वस्तू आहे का? एखादाच रंग अर्ध्याहून जास्त चौकट व्यापतो का? प्रकाशाचा रंग हाच फोटोचा विषय आहे का? आणि प्रकाश एकाच प्रकारचा आहे की दोन-तीन प्रकारांचा?

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा भर दुपारचा फोटो घेतला, तर त्यात संगमरवरी घुमट आहे, निळे आकाश आहे, हिरवी झाडे आहेत, कमानींच्या आत गडद सावली आहे. इथे ऑटो टोन बहुतेक वेळा चांगले काम करते आणि धुरकटपणा काढून टाकते. तोच घुमट सूर्यास्ताच्या वेळी गुलाबी झालेला असेल, तर तेच साधन तो गुलाबीपणा धुऊन टाकेल, कारण त्याच्या दृष्टीने ती चूक आहे. नाथसागराच्या पाण्यावरची संध्याकाळ, तुळजापूरला दिव्यांच्या उजेडात दिसणारे कुंकवाचे सडे, असे फोटो ऑटो कलरच्या वाट्याला देऊच नयेत. फारतर ऑटो कॉन्ट्रास्ट वापरावा.

अजिंठ्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तिथल्या चित्रांचे मुख्य रंग लाल आणि पिवळ्या मातीचे, काजळीचे, पांढऱ्या खनिजांचे आणि हिरव्या मातीचे आहेत. लॅपिस लाझुलीचा निळा आहे, पण तो मोजक्या ठिकाणी. म्हणजे चित्रच मुळात उबदार रंगाचे आहे. त्यात चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी असल्यामुळे फोटो मंद कृत्रिम उजेडात काढावा लागतो आणि त्या उजेडाची झाक वेगळी मिसळते. प्रकाशाची झाक काढायची आणि गेरू तसाच ठेवायचा, हे काम ऑटो साधनाला जमत नाही. ते दोन्ही एकत्रच काढते आणि पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचा वर्ण राखेसारखा करून ठेवते. असा फोटो रॉमध्ये काढून व्हाइट बॅलन्स हातानेच ठरवावा. वारशाच्या चित्रांचे रंग बदलून ते पुढे पाठवणे म्हणजे ज्यांनी लेणी पाहिली नाहीत त्यांना चुकीची माहिती देणे होय, हे माझे ठाम मत आहे.

जुन्या रंगीत फोटोंच्या बाबतीत मात्र ऑटो टोन पहिला मदतनीस समजावा. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अनेक प्रिंटमधील सायन रंगद्रव्य इतरांपेक्षा लवकर उडाल्यामुळे ते लालसर पडले आहेत. एका चॅनलचा पल्ला खरोखरच आकसलेला असतो आणि तो ताणणे हाच त्यावरचा योग्य उपाय असतो. फक्त स्कॅन केल्यावर आधी कडेची पांढरी पट्टी आणि स्कॅनरची काळी किनार कापून टाकावी. ती राहिली तर साधन तिलाच पांढरे आणि काळे समजते, ताणायला काही उरत नाही, आणि बटण दाबूनही फोटो तसाच राहतो.

पाचवी पायरी: बटण वेगळ्या लेअरवर दाबावे

फोटोशॉपमध्ये 'इमेज' मेनूतील आज्ञा मूळ पिक्सेलवर चालते. त्याऐवजी 'कर्व्हज' किंवा 'लेव्हल्स' यांचा ॲडजस्टमेंट लेअर, म्हणजे मूळ फोटो न बदलता वर ठेवलेला दुरुस्तीचा थर, घ्यावा आणि ऑल्ट कळ दाबून त्यातील 'ऑटो'वर क्लिक करावे. उघडणाऱ्या चौकटीत चार पद्धती दिसतात. 'एन्हान्स मोनोक्रोमॅटिक कॉन्ट्रास्ट' म्हणजे ऑटो कॉन्ट्रास्ट, 'एन्हान्स पर चॅनल कॉन्ट्रास्ट' म्हणजे ऑटो टोन, 'फाइंड डार्क अँड लाइट कलर्स' म्हणजे ऑटो कलरची पद्धत, आणि चौथी उजेड व कॉन्ट्रास्ट फोटो पाहून ठरवते. एकेक निवडून फरक पाहावा, मधल्या छटा राखाडीकडे ओढणाऱ्या 'स्नॅप न्यूट्रल मिडटोन्स'ची खूण लावून आणि काढून पाहावी. अर्धा तास असा घालवला, तर वर लिहिलेले सगळे डोळ्यांना पटेल.

परिणाम आवडला पण जास्त वाटला, तर लेअरची ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, कमी करावी. उजेड सुधारला आणि रंग बिघडला, असे झाल्यास लेअरचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या फोटोत मिसळण्याची रीत, 'ल्युमिनॉसिटी' करावा, म्हणजे उजेडातला बदल राहतो आणि मूळ रंग परत येतो. हळदीच्या ढिगासाठी हा उपाय फार उपयोगी आहे. गिंपमध्ये लेअरची प्रत काढून वरच्या प्रतीवर ऑटो चालवावे आणि तिची ओपॅसिटी बदलावी.

सहावी पायरी: डोळ्यांवर विसंबून न राहता आकडे पाहावेत

पडद्याकडे पाच मिनिटे पाहिले, की डोळे त्या झाकेला सरावतात. म्हणून आयड्रॉपर, म्हणजे टेकवलेल्या जागेच्या रंगाचे आकडे दाखवणारे साधन, घेऊन आकडे वाचावेत. राखाडी किंवा पांढऱ्या वस्तूवर तिन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. माणसाच्या त्वचेवर, वर्ण सावळा असो वा गोरा, सर्वसाधारण उजेडात लाल सर्वांत जास्त, हिरवा त्याखाली आणि निळा सर्वांत कमी असा क्रम असतो. गालावर किंवा कपाळावर हा क्रम उलटला, निळा हिरव्याच्या वर गेला, तर दुरुस्तीने चेहरा बिघडवला असे समजावे. उजळ भागात एखादा चॅनल २५५ ला जाऊन अडकला आहे का, हेही पाहावे. पैठणीच्या जरीत आणि कुंकवाच्या लालात असे सर्वांत आधी घडते, आणि तिथले बारीक तपशील नंतर कशानेही परत येत नाहीत.

सातवी पायरी: ऑटोने जमले नाही तर काय करावे

लेव्हल्स, कर्व्हज, लाइटरूम आणि स्नॅपसीड या सर्वांत एक आयड्रॉपर असतो, ज्याने बिनरंगी वस्तूवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर तिला राखाडी मानून पूर्ण फोटो सुधारते. इथे गृहीतक आपण पुरवतो, म्हणून हे ऑटोपेक्षा भरवशाचे आहे. मात्र वस्तू नीट निवडावी. आपल्याकडे धोतर आणि टोपी यांना नीळ देण्याची पद्धत आहे, आणि आजच्या कपडे धुण्याच्या पावडरींमध्येही निळसर चमक आणणारे पदार्थ असतात. अशा निळसर पांढऱ्या टोपीवर टिचकी मारली, की सॉफ्टवेअर तो निळा काढायला जाते आणि सगळा फोटो पिवळा पडतो. महत्त्वाच्या कामासाठी राखाडी कार्ड जवळ ठेवावे, त्याच उजेडात त्याचा एक फोटो काढून घ्यावा आणि नंतर टिचकी त्याच्यावर मारावी. पैठणी किंवा हिमरू शाल ऑनलाइन विकणाऱ्यांना हे कार्ड अत्यंत गरजेचे आहे, कारण गिऱ्हाईक पडद्यावरचा रंग पाहून पैसे देते आणि घरी आलेल्या कापडाचा रंग वेगळा निघाला तर विणकराच्या नावाला बट्टा लागतो.

खोलीत एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असेल, तर कोणतेही एकच ऑटो दोन्ही बाजू दुरुस्त करू शकत नाही. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि घरगुती पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो; केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप आहे, आकडा कमी तितका उजेड पिवळा. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. अशा वेळी मास्क, म्हणजे दुरुस्ती ठरावीक भागापुरती ठेवणारे आवरण, वापरून दोन्ही भाग वेगवेगळे सुधारावेत, किंवा फोटो काढण्यापूर्वीच एक दिवा बंद करावा. दुसरा उपाय अर्थातच सोपा आहे.

लग्नाचा अल्बम करणाऱ्यांसाठी

प्रत्येक फोटोवर वेगळे ऑटो चालवणे ही अल्बममधली सर्वांत दिसून येणारी चूक आहे. एका फोटोत मागे मांडवाचा लाल कापडी पडदा जास्त आला, दुसऱ्यात पाहुण्यांचे पांढरे कपडे जास्त आले, की साधनाचा हिशेब बदलतो आणि समोरासमोरच्या दोन पानांवर नवरीच्या शालूचा रंग वेगळा दिसतो. म्हणून एकाच उजेडातील फोटोंचा गट करावा, त्यातला एक फोटो नीट सुधारावा आणि त्याच सेटिंग्ज गटातील बाकीच्या फोटोंना लावाव्यात. लाइटरूममध्ये यासाठी 'सिंक' आहे. फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेअर एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये ओढून नेता येतो. स्नॅपसीडमध्ये शेवटचे संपादन पुढच्या फोटोला लावण्याची सोय आहे. हळद, मांडव, लग्न आणि पंगत असे गट सहसा पुरेसे होतात, रात्रीच्या वरातीचा मात्र स्वतंत्र गट ठेवावा.

काम संपल्यावर फाईल एसआरजीबी या प्रमाणित रंग-प्रोफाइलसह सेव्ह करावी, कारण फोन, संकेतस्थळे आणि बहुतेक छपाईच्या लॅब हीच प्रोफाइल गृहीत धरतात. लॅबला फाईल देताना त्यांच्याकडील आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवण्यास स्पष्टपणे सांगावे, अन्यथा इतक्या काळजीने राखलेल्या रंगांवर छपाईच्या यंत्रात पुन्हा एकदा ऑटो चालते. पूर्ण अल्बम छापण्यापूर्वी प्रत्येक गटातील एक फोटो लहान आकारात छापून घ्यावा आणि तो दुकानातील ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर, दिवसाच्या उजेडात, सावलीत उभे राहून तपासावा.